डावं-उजवं

गणराज सोमवंशीचा देवावर विश्वास होता, पण प्रेसवर जरा जास्त होता. प्रेस म्हणजे वर्तमानपत्रवाले नव्हेत आणि इस्त्रीवालाही नव्हे. प्रेस म्हणजे चाकणच्या कंपनीतलं ते अवाढव्य धूड, जे पत्र्यावर एकदा आदळलं की गाडीच्या दाराचा एक ब्रॅकेट बाहेर पडायचा आणि पुन्हा आदळलं की पुन्हा तस्साच. त्या धडधडाटात सुपरवायझर म्हणून उमेदीची वर्षं गेल्यामुळे गणराज घरातही समोरच्यानं कानावर हात ठेवावा इतक्या मोठ्यानं बोलायचा, आणि कुठलीही वस्तू हातात आली की ती चांगली आहे का हे बघण्याआधी दुसरीसारखी आहे का हे बघायचा. मुलगी बघायला गेला त्या दिवशी तेवढा हा नियम विसरला असावा, कारण दीपमाला कुणासारखीच नव्हती.

दीपमालाचं काम प्रेसशिवाय चालायचं. तळेगाव दाभाड्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुपारची भांडी झाली, सासूबाई आडव्या झाल्या, की ती ओटा पुसून त्यावर छापचित्रं काढायची. तिची प्लेट म्हणजे ॲक्रिलिकचा एक पारदर्शक पडदा. कोरोनाच्या वेळी कंपनीच्या कँटीनमध्ये टेबलाटेबलावर असे पडदे लावले होते. पुढे ते भंगारात निघाले आणि गणराजनं त्यातला एक बाल्कनीत कबुतरं अडवायला घरी आणला. कबुतरांनी त्याला भीक घातली नाही. दीपमालानं मात्र तो उचलला, त्यावर रोलरनं काळी शाई पातळ फिरवली, आणि चिंधीनं, कापसाच्या बोळ्यानं, आगपेटीच्या काडीनं शाई पुसत पुसत काळ्यातून पांढरं चित्र काढलं. त्यावर ओलसर हातकागद टाकायचा, आधी तळहातानं आणि मग आमटीच्या डावाच्या पाठीनं सगळीकडून घासायचा, आणि कोपऱ्याला धरून अलगद सोलून काढायचा. चित्र कागदावर आलेलं असायचं. आमटीचा डाव वेगळा आणि शाईचा वेगळा, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि आमटी वाढून घेताना सगळ्यांना नेमकं तेच आठवायचं.

या छपाईतल्या दोन गोष्टी गणराजच्या पचनी पडत नव्हत्या. एक तर प्लेटवरचं चित्र एकदाच निघतं. शाई कागदावर गेली की प्लेट मोकळी. एवढी जुळवाजुळव करायची आणि नग काढायचा एकच, हे ऐकून त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. दुसरं म्हणजे चित्र उलटं उमटतं. हे घरात सगळ्यांना चांगलंच कळलं होतं, कारण दीपमालानं सुरुवातीला मोठ्या हौसेनं सासूबाईंचं चित्र काढलं होतं. छबूबाईंनी ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, की माझा पदर उजव्या खांद्यावर कसा. उभ्या लातूर जिल्ह्यात कुणी तिकडून पदर घेत नाही, सुनेनं आपल्याला गुजरातीण करून ठेवलं, ही बातमी त्यांनी फोनवरून दोन्हीकडच्या पाहुण्यांना पोहोचवली. तेव्हापासून दीपमाला माणसं काढायची झाली की प्लेटवर आधीच उलटी काढायची.

तिच्या चित्रांना कुणी नावं ठेवायचं असं नाही. शेजारणी बघायच्या, छान टाइमपास आहे म्हणायच्या, आणि आपल्याला असा वेळ कसा मिळत नाही हे बराच वेळ सांगत बसायच्या. प्रत्येक चित्राच्या खाली, कोपऱ्यात, ती पेन्सिलनं बारीक अक्षरात 'दीपमाला' लिहायची. हे कुणी केलं, तर हिनं. तिचं जगाकडे मागणं तेवढंच होतं. दारावरच्या पाटीवर गणराजचं नाव होतं, गॅसच्या जोडणीवर गणराजचं, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर ती 'सोमवंशी वहिनी' होती. तिचं नाव असलेली जागा म्हणजे चित्राचा तो कोपरा, आणि तो तिला जिवापाड प्रिय होता.

तर अशात गणराजच्या प्लांट हेडनं, म्हणजे दिग्विजय सरांनी, वाकडला एका टॉवरमध्ये उंचावर फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीचं आमंत्रण दिलं. कंपनीत असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी होती आणि गणराज तिच्याकडे डोळे लावून बसला होता. बाकीचे सुपरवायझर चांदीच्या समया देणार असल्याची पक्की खबर होती. तेव्हा आपण काहीतरी वेगळं द्यावं असं गणराजच्या मनात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं बायकोला सांगितलं, की एक मोठा गणपती काढ, एकदम झकास.

दीपमालाला इतका आनंद झाला, की तिनं त्या दिवशी त्याला दोनदा चहा दिला. पुण्याला जाऊन मोठा कागद आणला. मनातल्या मनात कोपऱ्यातलं नावही लिहून झालं. आणि तिथंच माशी शिंकली. नाव घालायचं नाही, असं गणराज म्हणाला. पुण्याच्या एका मोठ्या आर्टिस्टकडून खास करून घेतोय, असं तो साहेबांना आधीच सांगून बसला होता.

"बायकोनं केलंय म्हटलं की घरगुती वाटतं गं," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "घरगुती म्हटलं की लोकांना पापड आठवतात."

तिला रडू आलं नाही, संताप आला. पण ती फक्त "बरं" म्हणाली. गणराजनं त्याचा अर्थ होकार असा घेतला. इतकी वर्षं संसार करूनही माणूस बायकोच्या 'बरं'ला होकार समजतो, म्हणजे कमालच आहे.

आता थोडं कंपनीचं सांगायला हवं. गाडीच्या दाराचे भाग जोडीनं येतात. डाव्या दाराचा तो एलएच, उजव्या दाराचा तो आरएच. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, फक्त एक दुसऱ्याच्या आरशातला. एलएचच्या पेटीत चुकून एक जरी आरएच गेला तरी गिऱ्हाइकाची गाड्या जोडायची लाइन थांबते, आणि मग फोनवर जे ऐकून घ्यावं लागतं ते घरी सांगण्यासारखं नसतं. त्यामुळे जेवताना, गाडी चालवताना, चपला काढतानासुद्धा गणराजचं डावं-उजवं तपासणं चालूच असायचं.

फर्स्ट शिफ्ट करून तो घरी आला, चहाचा कप घेऊन ओट्यापाशी गेला, प्लेटवर नजर टाकली आणि कप तोंडाशी पोचायच्या आधीच थांबला. काळ्या शाईतून गणपती पुसून काढलेला होता. पोट, कान, मोदक, सगळं ऐटीत. सोंड मात्र उजवीकडे वळलेली.

"अगं, हा आरएच आहे," गणराज म्हणाला.

उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे काय, हे मराठी घरात वेगळं सांगावं लागत नाही. डाव्या सोंडेचा समजूतदार, घरातला. नैवेद्याला उशीर झाला तरी चालवून घेतो. उजव्या सोंडेचा कडक. त्याचं सोवळं, त्याचे नियम, सगळं जिथल्या तिथं पाहिजे, नाहीतर तो बघून घेतो म्हणतात. तो देवळात शोभतो. घरात आणायचं धाडस करणारे थोडे.

दीपमालानं शांतपणे सांगितलं, की प्लेटवर उजवा आहे म्हणूनच कागदावर डावा येईल. सासूबाईंच्या पदराची आठवणही करून दिली. पण गणराज ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. ड्रॉइंगमध्ये असतं तेच पार्टमध्ये येतं, असं त्याचं म्हणणं होतं. पदराचं काय, ती तुझी चूक होती, असंही तो म्हणाला, आणि आतल्या खोलीतून छबूबाईंनी, चूकच होती, अशी साक्ष दिली.

"डावं-उजवं मला शिकवू नकोस," गणराज म्हणाला. "त्याचाच पगार घेतो मी."

ती सोंड बदलेपर्यंत तो कप हातात धरून तिथं उभा राहिला. दीपमालानं तेवढ्या भागावर पुन्हा शाई फिरवली आणि सोंड डावीकडे वळवली. नवऱ्याचं ऐकावं, असं तिला माहेरी शिकवलं होतं. कोणत्या वेळी ऐकावं, हे तिचं तिनं शोधून काढलं होतं. गणराजनं मान डोलावून मंजुरी दिली आणि तो आंघोळीला गेला.

बाथरूमचं दार लागल्यावर तिनं आगपेटीची काडी घेतली. गणपतीच्या चौरंगावर एक काळी पट्टी मोकळी होती. त्या पट्टीवर तिनं ठळक अक्षरात आपलं नाव लिहिलं. सुलटं लिहिलं. प्लेटवर सुलटं म्हणजे कागदावर उलटं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणाला वाचता येणार नाही, पण असेल. नवऱ्याचा शब्दही मोडला नाही आणि आपलं नावही सोडलं नाही. मग तिनं कागद टाकला आणि डाव हातात घेतला. त्या दिवशी तिनं घासताना जरा जास्तच जोर लावला.

चित्र वाळल्यावर स्टेशनाजवळच्या फ्रेमवाल्याकडे गेलं आणि तिथून चकचकीत कागदात गुंडाळूनच परत आलं. गणराजनं ते उघडून पाहिलं नाही. साचा ओके असला की माल ओके, हा शॉपफ्लोअरचा नियम होता, आणि साचा तर त्यानं स्वतः पास केला होता. वास्तुशांतीच्या दिवशी स्कूटरवर पुढे गणराज, मागे दीपमाला आणि मधे गणपती, असे तिघं हायवेनं वाकडला गेले.

साहेबांचा फ्लॅट पाहून गणराजला आपल्या फ्लॅटची दया आली. हॉलमध्ये एका भिंतीला काचेचं भलंमोठं कपाट होतं आणि त्यात तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. आज मात्र त्यांच्यावर शाल पांघरली होती, कारण गुरुजी यायचे होते आणि करमाळ्याकडच्या खेड्यातून साहेबांच्या आई सोजराबाई आल्या होत्या. सोजराबाई उतारवयात साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या आणि तेव्हापासून दिसेल ते अक्षर मोठ्यानं वाचायच्या. लिफ्टमधली सूचना, सोफ्यावरची किंमत, सुनेच्या क्रीमची डबी, काही सुटलं नव्हतं. सून मिनल ते रोज ऐकत होती आणि रोज हसत होती, पण हसू जरा कमी कमी होत चाललं होतं.

साहेबांनी सगळ्यांसमोर चकचकीत कागद फाडला. काळ्याभोर अंधारातून उजळून निघालेला गणपती बघून पाहुणे खुर्च्या सोडून पुढे आले. समयांच्या वेळी असं काही झालं नव्हतं. गणराज त्या वेळी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होता. गणपतीकडे बघायला त्याला सवड नव्हती. हा आर्टिस्ट कोण, म्हणून साहेबांनी विचारलं, तेव्हा त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, की फार मोठे आहेत, कुणाला भेटत नाहीत. दीपमाला त्याच्या शेजारी उभी होती. आपण मेलो आहोत आणि आपल्याच तेराव्याचं जेवण वाढलं जातंय, असं तिला वाटलं.

तेवढ्यात सोजराबाई पुढे झाल्या, चौरंगाशी नाक नेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "आन् हे खाली काय लिव्हलंया? मला वाचता यीना."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. मला माहीत नाही असं म्हणायची गुरुजींच्या धंद्यात पद्धत नसते. त्यांनी डोळे बारीक केले आणि मोडीतली बीजाक्षरं दिसतात, असं सांगितलं. साहेबांची छाती फुगली. मोडीत मंत्र घातलेला गणपती आख्ख्या टॉवरमध्ये कुणाकडे नव्हता. मग याचीही प्रतिष्ठापना आजच करून टाकू, असं गुरुजी म्हणाले, आणि चित्र बाटल्यांच्या कपाटासमोरच्या भिंतीवर टांगून त्याला हळदकुंकू, अक्षता, दूर्वा, सगळं रीतसर वाहिलं. सोजराबाईंनी त्या बीजाक्षरांवर डोकं टेकवलं. मिनलनं दीपमालाला विचारलं, की वहिनी, रिकाम्या असाल तर आत कोशिंबिरीच्या काकड्या चिरायच्यात. दीपमाला आत गेली आणि पातेलंभर काकड्या चिरून आली.

पुढचा आठवडा बरा गेला नाही. आधी कंपनीतून एलएचच्या पेटीत आरएच गेले आणि गिऱ्हाइकाची लाइन थांबली. त्याच दिवशी संध्याकाळी सोजराबाईंनी गणपतीला फूल वाहताना सोंडेकडे नीट पाहिलं आणि मुलाला हाक मारली. हा उजव्या सोंडेचा आहे, हे त्यांनी सांगितलं, आणि ज्या घरात हा बसला तिथं मांसमच्छी नाही, दारू नाही, खोटं बोलणं नाही, हेही सांगितलं. साहेबांनी आधी बाटल्यांच्या कपाटाकडे पाहिलं. दर शुक्रवारी गिऱ्हाइकाकडची दोन-चार मंडळी त्यांच्याकडे मटणाला आणि त्या कपाटाला भेटायला यायची. धंद्याची निम्मी कामं तिथंच व्हायची. त्यांनी गुरुजींना फोन लावला. एकदा प्रतिष्ठापना झाल्यावर तो असा उतरवता यायचा नाही, आणि त्यातून हा तर कडक, असं सांगून गुरुजींनी हात वर केले. तो शुक्रवार दिग्विजय सरांनी साबुदाण्याची खिचडी खाऊन काढला. मिनलला त्याचं काही वाईट वाटलं असं दिसलं नाही.

शनिवारी गणराजला केबिनमध्ये बोलावणं आलं. आधी लाइन थांबली त्याबद्दल झालं. मग साहेबांनी दार लावून घेतलं.

"सोमवंशी," ते म्हणाले, "तुम्ही माझ्या घरीपण आरएच पाठवलात."

गणराज घरी आला तो पांढराफटक. आल्या आल्या त्यानं, कंपनीत करतात तसं, चुकीचं मूळ शोधायला घेतलं. त्यात एकामागून एक पाच वेळा 'का' विचारायचं असतं. सोंड उजवी का आली? प्लेटवर डावी होती म्हणून. प्लेटवर डावी का होती? इथं गणराज थांबला, कारण पुढच्या उत्तरात त्याचं नाव येत होतं. त्यानं तपास तिथंच बंद केला आणि ऑपरेटरची चूक असा निकाल दिला. ऑपरेटर भाकऱ्या थापत होती.

दुसरा नग काढ, डाव्या सोंडेचा, बाकी सगळं सेम टू सेम, असं तो म्हणाला. दीपमालानं सांगितलं, की तसाच पुन्हा निघत नाही. प्लेटवर उरलेल्या शाईवर लगेच दुसरा कागद लावला तर एक फिकट छाप येतो म्हणे, त्याला छपाई शिकवणारे 'घोस्ट' म्हणतात. पण तोही उजवाच येतो आणि प्लेट तर केव्हाच धुतली.

"गणपतीचं भूत?" गणराज दचकून म्हणाला. "हे कुणाला बोलू नकोस."

मग तो खुर्चीत बसून राहिला. असिस्टंट मॅनेजरची जागा डोळ्यांदेखत चालली होती. दीपमालाला त्याची दया आली, खोटं कशाला बोला, आली. पण दयेच्या पाठोपाठ त्या पातेलंभर काकड्याही आठवल्या. तव्यावरची भाकरी उलटत ती सहज बोलल्यासारखं बोलली, की देवाला हलवायचंच कशाला. समोरच्या भिंतीला मोठा आरसा लावा. आरशातला गणपती डाव्या सोंडेचा. नमस्कार त्याला करायचा.

गणराज उठला, बाल्कनीत गेला आणि साहेबांना फोनवर आपल्याला सुचलेला उपाय सांगितला. हो, आपल्याला सुचलेला. दीपमालानं आतून ते शब्द ऐकले आणि पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला नाही. तिनं आणखी एक भाकरी टाकली.

साहेबांना उपाय इतका आवडला, की त्यांनी गणराजला 'आउट ऑफ द बॉक्स' म्हटलं. गुरुजींनीही मान्यता दिली. मोठ्या मूर्तीवर पाणी घालता येत नाही तेव्हा आरशातल्या प्रतिबिंबालाच स्नान घालतात, मग दर्शनाला काय हरकत, असं ते म्हणाले. फक्त आरशात बघताना खऱ्या देवाला पाठ होते, तेव्हा जरा तिरकं बसावं, एवढी पुस्ती त्यांनी जोडली. अडचण एकच होती. आरसा लावायचा तर समोरचं बाटल्यांचं कपाट हलवावं लागत होतं. ते मिनलनं स्वतः उभं राहून, माणसं लावून, तळमजल्यावरच्या स्टोअररूममध्ये हलवलं, आणि ते हलल्यावर उगीच दोनदा दार लागलंय का बघून आली.

त्याच्या पुढच्या रविवारी आरशासमोर पहिली आरती होती. उपाय ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला सपत्नीक बोलावणं होतं. दीपमालानं ठेवणीतली साडी नेसली. स्कूटरवर आज मधे कुणी नव्हतं, तरी ती जरा अंतर राखूनच बसली.

हॉलची भिंतच्या भिंत आरसा झाली होती. त्यात गणपती बसला होता, डाव्या सोंडेचा, गोड, समजूतदार. आणि त्याच्या खाली चौरंगावर, बाजारातल्या पाटीवर असावीत इतकी स्वच्छ, तिची चार अक्षरं होती. दीपमालानं हळूच सगळ्यांकडे पाहिलं. साहेब सोंडेकडे बघत होते. गुरुजी सोंडेकडे बघत होते. गणराज साहेबांकडे बघत होता. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद वाटला. कुणी काही म्हणेना. डाव्या सोंडेच्या नादात खालचं अक्षर वाचायला कुणाला फुरसतच नव्हती. चला, म्हणजे समोर सुलटं लिहून ठेवलं तरीही आपण दिसत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि हातातला मोदक तिनं तसाच वाटीत ठेवला.

सोजराबाईंची आरती पुस्तकातून, जवळच्या चष्म्यावर झाली होती. प्रसाद खाऊन झाल्यावर त्यांनी कनवटीचा दूरचा चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि रोजच्यासारखं डोकं टेकवायला चित्राकडे न जाता तिरक्या सरकत आरशापाशी गेल्या. मग सवयीनं त्यांचं सुरू झालं.

"दी," त्या म्हणाल्या. "प. मा. ला."

हॉलमध्ये कुणीतरी चमचा खाली ठेवला.

"दीपमाला," सोजराबाईंनी जोडून वाचलं आणि मागे वळून गुरुजींकडे पाहिलं. "ह्यो काय मंत्र न्हाई. बाईचं नाव हाय."

गुरुजींना त्याच वेळी दुसऱ्या यजमानांचा फोन आला आणि ते बाल्कनीत गेले. साहेबांनी गणराजला विचारलं, की हा तुमचा आर्टिस्ट का. कंपनीत मोठमोठे ऑडिटर आले तरी न अडखळणारा गणराज त्या दिवशी दोनदा घसा खाकरून, होय सर, त्या बाईच आहेत, एवढंच म्हणू शकला. इतक्या चांगल्या बाई आणि भेटत का नाहीत, असं मिनलनं विचारलं. गणराजनं उरलेला अख्खा मोदक तोंडात घातला. सोजराबाईंना मात्र, आपल्याकडे नाव कळल्यावर पुढचा जो प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही, तो सुचला.

"आडनाव काय तिचं?"

प्रश्न गणराजला होता. तो आरशाकडे बघत होता. आरशात त्याच्या शर्टाचा खिसा उजव्या बाजूला गेला होता आणि आपलं काहीतरी चुकीच्या बाजूला बसवलंय, एवढंच त्याला त्या वेळी कळत होतं. इतके दिवस दाबून ठेवलेली गोष्ट तोंडापर्यंत आल्यावर ती परत गिळायची दीपमालाची तयारी नव्हती.

"यांचंच," ती गणराजकडे बोट करून म्हणाली.

सोजराबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग आरशाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तू त्या दिवशी आत काकड्या चिरत हुतीस, व्हय ना?"

दीपमालानं मान हलवली. आता मात्र तिचे डोळे भरले. सोजराबाईंनी तिचा हात धरला, तिच्या शाईनं कायमची काळी झालेली नखं उलटसुलट करून बघितली, आणि तिला आपल्या शेजारी पाटावर बसवून घेतलं. पंधरा दिवस आपण रोज सकाळी या पोरीच्या नावाला डोकं टेकवत होतो, आणि त्यात आपलं काही बिघडलं नाही, असं त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. घरात खोटं चालायचं नाही, हा नियमही पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितला. मग त्यांनी गणराजकडे मान वळवली.

"तुमी जावा आत," त्या म्हणाल्या. "कोशिंबीर ऱ्हायलीय. काकड्या पडल्यात चिरायच्या."

गणराजनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हा गणराज सोमवंशी, होऊ घातलेला असिस्टंट मॅनेजर, बाह्या सरसावून स्वयंपाकघरात गेला. काकड्या मात्र त्यानं पहिलीपासून शेवटचीपर्यंत एका मापाच्या चिरल्या, हे मान्य करायला हवं.